कारा-जिल्ग्याचं जळण

आमच्या मुर्गाब गावात बाई दुसरीच्या घरात शिरली की आधी घरधनिणीचं तोंड बघत नाही, चुलीजवळची टोपली बघते. टोपलीत कोळसा असला तर समजायचं, या घरातलं कुणीतरी रशियातून पैसे धाडतंय. रानगोवऱ्या असल्या तर घरची गुरं आहेत, निदान गुरंवाला सोयरा तरी आहे. आणि तेरेस्केनची वाकडीतिकडी मुळं दिसली तर घरात कुदळ चालवणारा दणकट गडी आहे आणि त्याच्या डोक्यात उद्याचा विचार फारसा नाही. झाड म्हणावं असं एकही झाड या पठारावर उगवत नाही. गुडघ्याएवढं करडं तेरेस्केन, तेवढंच काय ते लाकूड. वर काड्या आणि खाली मातीत मनगटाएवढं मूळ. हिवाळ्यात याक त्याच्या काड्या खातात आणि माणसं मूळ जाळतात. गुरं आणि चूल दोन्ही एकाच झुडपावर पोसायची म्हटल्यावर कुणीतरी उपाशी राहणारच. एवढी साधी गोष्ट, पण ती आमच्या डोक्यात शिरेपर्यंत फार उशीर झाला होता.

बुरुलच्या टोपलीत तेरेस्केनची काडीसुद्धा नसायची. शेजारची आयझादा नवी सून होती, तिला हे ठाऊक नव्हतं. ऐन थंडीत ती बिचारी कवळाभर मुळं घेऊन दारात आली.

"बुरुल एजे, घ्या. आमच्या ह्यांनी काल लांबून आणलीत. म्हाताऱ्याला जरा ऊब मिळेल."

"परत ने ती."

"अहो, सरपण आहे, साप नाही!"

"कळतंय गं मला. पण उंबऱ्याच्या आत आणू नकोस."

"लोकांना मिळत नाही आणि तुमचा तोरा बघा. बसा मग शेणाच्या धुरात खोकत!"

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "कोण आलंय गं, पोरी?"

"कुणी नाही आके. आयझादा आहे. मीठ मागायला आली होती."

आयझादा डोळे वटारून बघत राहिली. बुरुलने तिला हाताने मागे सारलं आणि दार लोटून घेतलं. म्हाताऱ्याला, म्हणजे तिच्या बापाला, जोरोबेकला, तेरेस्केन दिसलं असतं तर त्याने तिथल्या तिथे दोन्ही हात वर उचलले असते. आणि हात वर गेल्यावर तो काय म्हणतो हे बुरुलला तोंडपाठ होतं. तो शाप द्यायचा. ज्यांनी त्याचं कारा-जिल्ग्याचं खोरं ओरबाडून नेलं त्यांच्या घराचा धूर बंद पडो, असा. आमच्यात याहून वाईट शाप नाही. घर म्हणजे धूर. ज्याच्या छपरातून धूर निघायचा थांबला त्याचा वंश संपला.

ते घर कुणाचं हे जोरोबेकला माहीत नव्हतं. बुरुलला माहीत होतं, कारण ते तिचंच होतं. म्हातारा त्याच घरात, त्याच चुलीला पाठ टेकून बसलेला असायचा. त्याने तो शाप मरायच्या आधी आपल्या तोंडाने मागे घ्यावा, एवढं एकच मागणं तिचं आयुष्याकडे उरलं होतं. पण मागे घ्यायचा तर तो कुणाला लागतोय हे त्याला सांगायला हवं, आणि तिथेच तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

बुरुल लग्न होऊन मुर्गाबात आली तेव्हा खालच्या ओश शहरातून कोळशाचे ट्रक यायचे. सरकार पाठवायचं, लोक जाळायचे, राख कुठे टाकायची एवढीच काय ती चिंता. त्यात ही नवरी रुखवताच्या गालिच्यांबरोबर बापाच्या तळावरच्या रानगोवऱ्यांचं पोतं घेऊन आली. सासू उमसुन दारातच म्हणाली, "सून आणली की गोठा आणला?" अख्खी गल्ली हसली. बुरुलचं तोंड लाल झालं, पण सासरी तोंड उघडायची सोय नसते. ते पोतं तिने कोठीत मागे सारलं.

तिला जळणातलं जे कळायचं ते बापाकडून आलेलं. याकने शरद ऋतूत टाकलेलं शेण हिवाळाभर गोठून उन्हाळ्यात वाळलं की हाताला हलकं लागतं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की मडक्यासारखे वाजतात. ते सगळ्यात चांगलं. कोवळ्या गवतावरचं शेण पातळ, भुरुभुरु जळून जातं, चहा उकळायच्या आत संपतं. मेंढवाड्यातल्या तुडवून घट्ट झालेल्या लेंड्यांच्या विटा कापून ठेवल्या तर त्या सकाळपर्यंत आर धरतात. आणि बर्फाखालून उकरून काढलेलं काहीही चुलीत घालू नये, नुसता धूर करतं. तेरेस्केनच्या वाळून मोडलेल्या काड्या हाताने उचलायला जोरोबेकची हरकत नसे. पण कुदळ दिसली की तो भडकायचा. मूळ उपटलं की माती उघडी पडते आणि आमचा वारा उघडी माती जागेवर राहू देत नाही, हे तो पोरीला चालायला लागल्यापासून सांगत आला होता.

मग रशियाशी जोडलेला आमचा तो मोठा देश फुटला आणि कोळशाचे ट्रक बंद झाले. पहिल्या हिवाळ्यात लोकांनी कुंपणं जाळली, जुनी कपाटं जाळली, कुणीतरी बंद पडलेल्या वाचनालयाचे बाकसुद्धा जाळले. दुसऱ्या वर्षी सगळ्या गावाने कुदळी उचलल्या. तेरेस्केन ओलं असलं तरी धडाडून पेटतं, वास गोड, डोळे झोंबत नाहीत. पण ते गवतासारखं झरझर संपतं, गाढवभर ओझं दोन दिवस पुरलं तर नशीब. गावाभोवतीची टेकाडं बघता बघता बोडकी झाली. बुरुलचा नवरा सैपिदिन पहाटे गाढव घेऊन निघायचा तो अंधार पडताना परतायचा. या सगळ्यात मजेची गोष्ट अशी की ज्या गोवऱ्यांवरून गल्ली हसली होती त्याच मागायला आता बायका बुरुलच्या दारात यायला लागल्या. जोरोबेक वर्षातून दोनदा याकवर लादून पोती पाठवायचा. सासूसुद्धा त्याच चुलीपाशी हात शेकायची, आणि नाक मात्र मुरडायचीच.

इथवर बुरुलचा काही दोष नव्हता. पुढे मात्र होता, आणि तिने तो कधी दुसऱ्याच्या माथी मारला नाही. मी तिची बाजू घेणारा माणूस आहे, पण झालं ते सांगायलाच हवं.

तिचा मुलगा एर्मेक सुंतेच्या वयाचा झाला. जेवणावळ ठरली. गरिबी सगळ्यांचीच होती, तरी सुंतेचं जेवण घातल्याशिवाय कसं चालेल? मेंढे मिळाले, पीठ मिळालं, सोयऱ्यांनी तेल धाडलं. अडलं ते जळणावर. बोर्सोक तळायचे म्हणजे कढईखाली भडका हवा. मंद आचेवर कणकेचे ते तुकडे फुगत नाहीत, नुसतं तेल पीत बसतात. आणि गोवरीची आच कितीही चांगली असली तरी ती धीम्या स्वभावाची. भाकरीला, चहाला, घर गरम ठेवायला ती बरी. शंभर पाहुण्यांच्या कढईखाली तिचं काही चालत नाही.

उमसुन गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नातवाच्या सुंतेला शेणावर तळलेले बोर्सोक! लोक खातील आणि वाटेत थुंकतील. माहेर शेणाचं, मग आणि काय होणार?"

सैपिदिन आईसमोर मान खाली घालून बसला होता. "एने, आजूबाजूला काही उरलंच नाही, तर मी आणू कुठून? आठवडाभर खणलं तरी एक भट्टी भरणार नाही."

तेव्हा बुरुल बोलली. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून ती भिंतीकडे बघून म्हणाली, "एर्मेकच्या वडलांना म्हणावं, मला एक जागा माहीत आहे. कारा-जिल्ग्याच्या मागे घळ आहे. तिथे कंबरेएवढं तेरेस्केन आहे. बाहेरून दिसत नाही."

"तुझ्या बापाचं हिवाळी कुरण?" सैपिदिन दचकला.

"कुरण पुढे आहे. घळ मागे. एक खेप काढली तर कुणाला कळणार पण नाही."

हे खोटं होतं. पुढचं कुरण बर्फाने झाकलं गेलं की याक त्या घळीतच शिरायचे, जोरोबेकची हिवाळ्याची खरी शिदोरी तीच होती. बुरुल लहानपणी तिथेच याकांमागे फिरली होती. पण त्या क्षणी तिला एवढंच दिसत होतं की एकदा, फक्त एकदा, आपल्या कढईखाली असा जाळ लागावा की सासूचं तोंड बंद व्हावं. पुढे लोक तिची बाजू घेताना म्हणायचे, त्या वर्षी थंडीच तशी होती, पोरगं आजारी होतं. काही आजारी नव्हतं. अंगणात उड्या मारत होतं. थंडीचाही यात हात नव्हता. तिला सासूला हरवायचं होतं, दुसरं काही नाही.

गाढवावर भागणार नव्हतं, म्हणून सैपिदिनने ओळखीच्या माणसाचा ट्रक घेतला. ट्रकबरोबर त्याचा मालकही आला. दोघांनी घळ पाहिली, आणि त्या माणसाचे डोळे कसे चमकले हे सैपिदिनने घरी येऊन सांगितलं, तेव्हाच पुढे काय होणार ते बुरुलला कळलं. तरी ती उठून बोर्सोकची कणीक मळायला बसली.

सुंतेचं जेवण दणक्यात झालं. कढईखाली असा जाळ होता की बोर्सोक टम्म फुगून वर येत होते. बायका म्हणाल्या, बुरुल, हात आहे की जादू? उमसुन काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं बुरुलला बक्षीस मिळालेल्या गालिच्यासारखं वाटलं. जोरोबेक वरच्या उन्हाळी तळावरून खिंडीच्या वाटेने थेट जेवणाला आला होता, हिवाळी कुरणाकडे तो अजून फिरकलाच नव्हता. त्याने नातवाला मांडीवर घेतलं, मूठभर बोर्सोक खाल्ले, बोटं चाटली.

"पोरी, जाळ फार छान लागलाय. कुठलं गं हे जळण?"

"विकत घेतलं, आके."

"चांगलं केलंस. अशा दिवशी हात आखडू नये."

त्याने हात वर केले, नातवाला दुवा दिली, सगळ्यांनी ओमिन म्हटलं. आमच्याकडे वडीलधारा तळवे उघडून दुवा मागतो तेव्हा बाकीचेही तळवे उघडतात, आणि शेवटी एकदाच सगळे ओमिन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवतात. ओमिन म्हणेपर्यंत ते शब्द अधांतरी असतात. म्हटलं की ते देवाच्या दारात पोहोचले. चांगले असोत की वाईट.

एका खेपेवर थांबायला ट्रकवाला काही बुरुलचा भाऊ नव्हता. चाकोरी पडली होती. त्याच्या मागून दुसरा गेला, दुसऱ्याच्या मागून तिसरा. जोरोबेक याक घेऊन खाली उतरला तोवर घळीत नुसते खड्डे होते.

तो तसाच घोड्यावरून मुर्गाबात आला. घरात शिरला, टोपीसुद्धा काढली नाही, चुलीसमोर बसला. बुरुलने चहा पुढे केला, त्याने हात लावला नाही. मग म्हाताऱ्याने तळवे उघडले. त्याला कुणी एवढ्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

"ज्यांनी कारा-जिल्गा ओरबाडला, त्यांच्या घराचा धूर बंद पडो. त्यांच्या चुलीत थंड राख राहो. त्यांची मुलं परक्याच्या दारात म्हातारी होवोत."

उमसुनने सवयीने ओमिन म्हटलं आणि मग आपण काय म्हटलं ते कळून ती पांढरीफटक पडली. सैपिदिन खोकत बाहेर निघून गेला. बुरुलच्या हातात केटली होती, ती केटलीकडे बघत राहिली. तिच्या तोंडून ओमिन निघालं नाही. तेवढीच एक फट राहिली आहे, असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली. या घरच्या बाईने अजून त्या शब्दांवर होय म्हटलेलं नाही.

म्हातारा गेल्यावर सासूने तिचा दंड धरला. "तोंडातून चकार शब्द काढशील तर बघ. बापाला कळलं तर तुझंही माहेर जाईल आणि आमचीही लाज जाईल. मूग गिळून बस." आयुष्यात पहिल्यांदाच सासू-सुनेचं एकमत झालं होतं, आणि ते असं.

त्या हिवाळ्यात अर्धे याक गेले. घळीतल्या उघड्या मातीवर वारा बसला, वसंतात तिथे वाळू दिसायला लागली. दोन-तीन वर्षं जोरोबेक झगडला. मग उरलेली जनावरं त्याने विकली, तळावरची चूल स्वतःच्या हाताने विझवली आणि लेकीच्या घरी आला. त्याला मुलगा नव्हता. जावयाने सामान उतरवून घेतलं आणि म्हाताऱ्याला चुलीजवळची मानाची जागा दिली. सैपिदिन त्यानंतर फार जगला नाही, छातीच्या दुखण्याने गेला. उमसुनही गेली. घरात बाप-लेक आणि एर्मेक उरले, आणि एर्मेक मिसरूड फुटल्यावर कामासाठी रशियाला गेला.

आता रशियाला कोण गेलं नाही? मुर्गाबातली निम्मी पोरं तिकडे बांधकामावर विटा वाहतात. सगळ्यांच्याच आजोबांनी शाप दिलाय की काय? आणि तेरेस्केन खणलं तर अख्ख्या गावाने खणलं, ती घळ बुरुलने दाखवली नसती तर पुढच्या वर्षी कुणीतरी हुंगत पोहोचलंच असतं. हे सगळं मला कळतं, तुम्हाला कळतं. बुरुलला मात्र हे कुणी समजावलं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं आणि उठून चुलीत गोवरी सारली असती. तिच्या कानात एकच वाक्य बसलं होतं: त्यांची मुलं परक्याच्या दारात म्हातारी होवोत. एर्मेकचा फोन यायचा, आईला आपा म्हणायची त्याची सवय, तो म्हणायचा, "आपा, यंदा नाही जमत." तिला वाटायचं, बाप बोलतोय.

आणि बाप खरंच बोलायचा. त्याला ती खोडच लागली. जेवणानंतर, पाहुणा उठताना, ईदला, केव्हाही हात वर गेले की दुवेच्या शेपटाला ते वाक्य यायचंच. बुरुलला त्याची चाहूल लागायची. तो "आणि" म्हणायच्या आत ती टोपली उचलून गोवऱ्या आणायला बाहेर पडलेली असायची. थंडीत कोठीपाशी उभी राहून ती दोन गोवऱ्या एकमेकींवर आपटून बघायची, जणू फार मोठं काम चाललंय. आत हात खाली आले की परत यायची. शेजारणी म्हणायच्या, या बाईला दुवेच्या वेळीच कसं जळण आठवतं?

तेरेस्केनच्या बाबतीत तिने कानाला खडा लावला होता. रोज लांब जाऊन ती दुसऱ्यांच्या याकांमागे रानगोवऱ्या वेचायची. पाठ वाकली, बोटं फुटली, तरी वेचायची. म्हातारा कौतुकाने म्हणायचा, "माझी लेक बघा. अख्ख्या मुर्गाबात माझ्या रीतीने चूल पेटवणारी एकटी." हे ऐकलं की तिला वाटायचं, यापेक्षा याने कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

सांगायचा प्रयत्न तिने एकदा केला होता. वसंतात म्हातारा भिंतीला टेकून उन्हात बसला होता, ती त्याची नखं कापत होती.

"आके, ती कारा-जिल्ग्याची घळ..."

"हं." म्हाताऱ्याचे डोळे एकदम ओले झाले. "तिथे माझी ती पांढऱ्या कपाळाची याक होती, आठवते? तू तिच्या पाठीवर झोपायचीस. खाली पाडलं नाही तिने तुला कधी. शेवटी उभ्या उभ्या वाळून मेली बिचारी. खड्ड्यांत तोंड घालून हुंगत होती." मग म्हणाला, "काय म्हणत होतीस तू?"

"काही नाही आके. दुसरा हात द्या."

असा काळ गेला. म्हाताऱ्याचे कान मंदावले, पाय गेले, तो चुलीपाशीच झोपायला लागला. बुरुलला उघड दिसत होतं की हा हिवाळा त्याचा शेवटचा. आणि नेमका त्याच हिवाळ्यात एर्मेकचा फोन आला.

"आपा, आम्ही येतोय. मी, बायको, पोरगी, तिघंही. बर्फ वितळलं की निघतो. तिकडे राहता येतं का बघतो. घर विकू नकोस कुणाला."

"राहशील खरंच?"

"बघू आपा. जमलं तर राहीन. पोरगी म्हणते, आजीचं घर कसं असतं?"

फोन ठेवल्यावर बुरुल किती तरी वेळ हसत होती की रडत होती ते तिलाच कळलं नाही. मग भीतीने तिला गाठलं. शाप अजून तसाच होता. तो असताना पोरगं या घरात टिकेल कसं? आणि म्हातारा शाप मागे न घेता गेला, तर मग तो मागे घेणारं जगात कुणी राहणार नव्हतं. तिने ठरवलं, आज सांगायचं. बाप मारो, थुंको, घरातून निघून जातो म्हणो. पण सांगायचं आणि त्याच्याकडून सोडवून घ्यायचं.

दुपारी तिने चूल साफ केली. टोपलीतून निवडून निवडून वाजणाऱ्या गोवऱ्या काढल्या, त्याला आवडते तशी धीमी, सारखी आच लावली. मीठ घातलेला दुधाचा चहा केला, वर सायीचा गोळा सोडला. म्हाताऱ्याला उशीला टेकवून बसवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"आके, एर्मेक येतोय. बायको-पोरीला घेऊन. वसंतात."

"काय?"

"एर्मेक! घरी येतोय!"

म्हाताऱ्याला समजायला वेळ लागला. समजलं तसा तो लहान मुलासारखा हसला. तोंडात दात नव्हते. "येतोय? या घरी येतोय? मग या चुलीला कोण हात लावणार, सांग. कुणी नाही!"

"आके, मला तुम्हाला एक सांगायचंय. आधी ते ऐका."

"सांगशील, सांगशील. आधी हात वर कर. अशी बातमी आली आणि दुवा नाही मागितली तर देवाला काय वाटेल?"

त्याचे तळवे वर गेलेसुद्धा. बुरुल कानाशी ओरडली, "आके, फक्त चुलीसाठी मागा हं! बाकी काही नको!" त्याने मान हलवली. तिनेही तळवे उघडले. मनात म्हणाली, आधी एवढं पदरात पडू दे, मग सांगते. हा तिचा स्वार्थ होता असं कुणी म्हणालं तर म्हणो.

आणि म्हातारा काय मागत होता! अशी दुवा त्या घरात कधी झाली नव्हती.

"देवा, या चुलीतला आर कधी विझू देऊ नकोस. या घराचा धूर सरळ वर जाऊ दे. माझ्या एर्मेकचं पाऊल या उंबऱ्याला लागू दे, इथे त्याच्या पोरांची पोरं होऊ देत, त्यांच्या हाताने ही चूल पेटू दे. या माझ्या लेकीने फुटक्या बोटांनी ही आग राखली. तिच्या म्हातारपणी तिला तिच्या हातची नाही, सुनेच्या हातची चहाची वाटी मिळू दे. तिने कुणाचं काही वाईट केलं नाही, तिच्या वाट्याला काही वाईट येऊ देऊ नकोस."

बुरुलच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. अजून थोडं, तिला वाटत होतं, आता हात खाली येतील.

"आणि," म्हातारा म्हणाला.

टोपली तिच्यापासून हातभर अंतरावर होती. पण ती उठली असती तर ही सगळी दुवा ओमिनशिवाय अधांतरी राहिली असती, एर्मेकचं पाऊल, सुनेच्या हातची वाटी, सगळं. घरात ओमिन म्हणायला दुसरं कुणी नव्हतं.

"आणि ज्यांच्यामुळे माझं पोर परक्या देशात गेलं," तो म्हणाला. "याक असते तर तो का गेला असता? इथेच राहिला असता माझ्याजवळ. देवा, ज्यांनी कारा-जिल्गा ओरबाडला, त्यांच्या घराचा धूर बंद पडो. त्यांच्या चुलीत थंड राख राहो. त्यांची मुलं परक्याच्या दारात म्हातारी होवोत."

तो थांबला आणि तळवे तसेच धरून लेकीची वाट बघू लागला. त्याच्या तोंडावर अजून मघाचंच हसू होतं.

"ओमिन," बुरुल म्हणाली.

"म्हणालीस ना?" म्हाताऱ्याने कान पुढे केला. "मला ऐकू नाही आलं."

तिने चेहऱ्यावरून हात फिरवला आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुन्हा म्हटलं.